मंदावहिनींचं थोडं

मंदावहिनी बर्वे यांना 'नको' ऐकू येत नसे. तसे कान तिखट होते. वरच्या मजल्यावर कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे त्या खालून ओरडून सांगायच्या, आणि आकडा कधी चुकायचा नाही. पण 'नको', 'पुरे', 'राहू द्या' हे शब्द त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी त्यांचं 'आणखी वाढा' होऊन जायचं.

जपानमधल्या इचिकावातल्या आमच्या चार मजली इमारतीत निम्मी घरं नवऱ्यांच्या कंपनीने भाड्याने घेतलेली होती. नवरे सकाळी साडेसातला टाय लावून स्टेशनाकडे जायचे आणि मागे आम्ही उरायचो. पुण्याहून, ठाण्याहून, डोंबिवलीहून आलेल्या, पंचविशीतल्या, पदव्या ट्रंकेत घालून आणलेल्या सात-आठ बायका. वहिनी पंचेचाळीसच्या. बर्वेसाहेब आमच्या नवऱ्यांचे वरिष्ठ, त्यामुळे वहिनी आपोआप आमच्या वरिष्ठ झाल्या. हा हुद्दा त्यांना कुणी दिला नव्हता, पण काढून घ्यायची हिंमतही कुणात नव्हती.

मी इचिकावात उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला होते. "थोडाच भात, वहिनी," मी म्हणाले. त्यांनी वाडगाभर भात उपडा केला, त्यावर पळीभर तूप ओतलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"लाजू नकोस गं. पहिलं 'नको' लाजेचं असतं, दुसरं संस्काराचं. तिसऱ्यांदा म्हणालीस तर विचार करू."

तिसऱ्यांदा म्हणायला तोंड रिकामं लागतं. ते त्यांनी कधी कुणाचं राहू दिलं नाही. 'थोडं' या शब्दाचा तर त्यांना मनस्वी राग होता. "थोडं-बिडं काय ते मला कळत नाही. माणसाने एक तर घ्यावं, नाही तर भरपूर घ्यावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

जपानात चार वर्षं काढून त्यांना बारा-तेरा जपानी शब्द येत होते, आणि तेवढ्यांवर त्या राज्य करत होत्या. कर्ता-कर्म-क्रियापद मराठी, मधेच एखादा जपानी शब्द, आणि आवाज स्वारगेटचा. "इशिदा-सान, हे कोरे घ्या. ओइशी आहे ओइशी!" म्हणजे हे घ्या, चविष्ट आहे. समोरची बाई वाकून वाकून ते घ्यायची. वहिनींची मुलगी केतकी तेव्हा चौदाची होती. आईने असं बोलायला सुरुवात केली की ती दोन पावलं मागे सरकून जपानीत काहीतरी पुटपुटायची. ते काय असायचं हे मला कळायचं, पण मी कधी वहिनींना सांगितलं नाही.

इशिदा-सान तळमजल्यावर राहायच्या. सत्तरीच्या, एकट्या, मिस्टर जाऊन दोन वर्षं झालेली. हात थरथरायचे, पण घर इतकं नीटनेटकं की आम्हाला चपला काढल्या तरी संकोच वाटायचा. त्यांची आणि वहिनींची ओळख कचऱ्यावरून झाली. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, बाटल्यांची झाकणं वेगळी. "कचऱ्यात एवढी जातपात मी जन्मात पाहिली नाही," असं म्हणून वहिनी सगळं एका पिशवीत कोंबायच्या. पिशवीवर लाल चिठ्ठी लागायची आणि ती तिथेच राहायची. मग एकदम चिठ्ठ्या बंद झाल्या. वहिनी खूश. "बघ, शेवटी नगरपालिकाच नमली." खरं म्हणजे दर सोमवारी सकाळी इशिदा-सान रबरी हातमोजे घालून वहिनींची पिशवी उघडून वेगवेगळी करत होत्या. मी गॅलरीतून पाहिलं होतं. तेही मी वहिनींना सांगितलं नाही. एकंदरीत वहिनींना काही सांगणं ही माझ्या दिनक्रमात बसणारी गोष्ट नव्हती.

इशिदा-सानकडे मोमो होती. लांबुळकं तपकिरी अंग, चेहऱ्यावर काळसर पट्टा, आखूड पाय. ते फेरेट आहे, इकडे लोक मांजरासारखं पाळतात, असं मी सांगितलं. वहिनींनी हात झटकला. "फेरेट म्हण नाही तर फर्निचर म्हण, मुंगूसच ते." आणि मुंगूस दिसणं शुभ, म्हणून बर्वेसाहेबांची क्लायंटबरोबर मीटिंग असली की वहिनी त्यांना आधी इशिदा-सानच्या खिडकीवरून जायला लावायच्या. बिचारे बर्वेसाहेब हातात बॅग घेऊन खिडकीशी उभे, आत मोमो झोपलेली, आणि वरून वहिनींचा आवाज: "दिसलं का? तोंड दिसलं का? मग निघा!"

त्या वसंतात मोमो आठवडाभर त्सुकुबाला जाऊन आली. तिथे इशिदा-सानचा भाचा राहायचा. दिवसा कुठल्याशा संशोधन संस्थेत नोकरी आणि घरी सहा-सात फेरेट. "सासरी जाऊन आली," वहिनींनी जाहीर केलं. मोमोला दिवस गेल्याचं कळल्यावर तर वहिनींच्या अंगात वारं शिरलं. आमच्यात तेव्हा कुणीच बाळंतपणाला आलेली नव्हती, त्यामुळे त्यांचं ज्ञान वाया चाललं होतं. ते सगळं मोमोच्या वाट्याला आलं. डिंकाचे लाडू झाले. इशिदा-साननी ते दोन्ही हातांनी घेतले आणि रोज चहाबरोबर एक याप्रमाणे स्वतःच संपवले. त्यांचं वजन वाढलेलं पाहून वहिनी म्हणाल्या, "आजीबाईला नातवंडांचं सुख मानवलं."

मोमोला सहा पिल्लं झाली. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी आम्हा पाचजणींना गोळा केलं. बाळ बघायला जायचं. रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून रव्याचे लाडू, फुलं आणि कुणीतरी विणलेली बोटाएवढी टोपडी. मी इमारतीतली एकटीच नगरपालिकेच्या जपानी वर्गाला जाणारी, म्हणून मला पुढे केलं.

इशिदा-साननी दार उघडलं. आमच्याकडे पाहिलं, मागच्या पाचजणींकडे पाहिलं. दातांतून हळूच श्वास आत ओढला, मान थोडी तिरकी केली आणि म्हणाल्या, "आज... चोत्तो..."

आणि थांबल्या.

चोत्तो म्हणजे थोडं. शब्दकोशात एवढंच दिलेलं असतं. पण आमच्या वर्गातल्या बाईंनी एक अख्खा तास या एका शब्दावर घालवला होता. जपानी माणूस 'आज चोत्तो' म्हणून थांबला की वाक्य अपुरं राहिलं असं समजू नका, ते तिथेच पूर्ण झालं आहे. त्याचा अर्थ नाही. स्पष्ट, ठाम, हात जोडून नाही. मला हे पक्कं माहीत होतं.

"काय म्हणाली?" मागून वहिनी.

"आज थोडं... असं म्हणाल्या," मी म्हणाले. शब्दाला शब्द. परीक्षेत या भाषांतराला पूर्ण गुण मिळाले असते.

"थोडं ना? मग थोडा वेळच बसू. लाजतेय ती. चला गं, चपला काढा!"

पाच मिनिटांत त्या जेमतेम सहा चटया मावणाऱ्या खोलीत आम्ही सहाजणी, रव्याचे लाडू आणि सहा आवाज. इशिदा-सान कोपऱ्यात उभ्या राहून चहा करू लागल्या; दुसरं काय करणार? मोमोचं घरटं पलंगाखालच्या खोक्यात होतं. वहिनींनी खोकं बाहेर ओढलं. पिल्लं करंगळीच्या पेराएवढी, डोळे मिटलेले, अंगावर पांढरी लव. "अगं बाई, केवढुशी ती!" वहिनींनी एक उचललं, दुसरं उचललं, सगळ्यांच्या हातांतून फिरवलं. मोमो भिंतीशी अंग फुगवून उभी होती आणि तोंडाने फसफस आवाज काढत होती. "आईला कौतुक वाटतंय," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी पर्समधून काजळाची डबी काढली. कापूर घातलेलं, घरी पाडलेलं काजळ. सगळ्यांत मोठ्या पिल्लाच्या कपाळावर, म्हणजे डोळ्यांच्या वर जेवढी जागा होती तेवढ्यात, त्यांनी तीट लावली. "सहा-सहा बायकांनी पाहिलंय. दृष्ट लागायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्यात पिल्लं नव्हती. परक्या हातांच्या वासाने बिथरलेल्या मोमोने पाच खाल्ली होती. सहावं, तीट लावलेलं, तिने तोंडात धरून पाण्याच्या वाडग्याशी नेऊन टाकलं होतं. गार पडलेलं, पण जिवंत.

इशिदा-सान सकाळी नऊला जिना चढून वहिनींच्या दारात आल्या. हातात मिठाईचा खोका. कमरेत वाकल्या त्या वर येईचनात. मला भाषांतराला बोलावणं आलं. त्या सांगत होत्या, तुम्ही सगळ्या इतक्या प्रेमाने आलात आणि माझ्या मोमोने असं लाजिरवाणं वागावं, मला तोंड दाखवायला जागा नाही, क्षमा करा.

मी ते मराठीत सांगितलं.

वहिनींनी खोका घेतला. "असू दे, असू दे म्हणावं. तिची काय चूक? जनावरच ते. आणि बघ रेवा, तीट लावली म्हणून तेवढं एक वाचलं. मी सांगत नव्हते?"

एवढंच करून त्या थांबल्या असत्या तर आज मी त्यांच्याबद्दल लिहिलंही नसतं. दुष्ट बाई म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यांनी खोका ठेवला, चपला घातल्या आणि तरातरा खाली गेल्या. इशिदा-सानच्या थरथरत्या हातात ड्रॉपर होता आणि दूध पिल्लाच्या तोंडाऐवजी टॉवेलवर सांडत होतं. वहिनींनी तो हातातून काढून घेतला. "कोरे मला द्या. मी जगवून दाखवते." आणि पिल्लू घेऊन वर आल्या.

पुढचे तीन दिवस त्यांचं घर म्हणजे बाळंतिणीची खोली होती, फक्त बाळंतीण नव्हती. बुटाच्या खोक्यात गरम पाण्याची बाटली, वर बर्वेसाहेबांचा लोकरी मोजा, मोज्यात पिल्लू. दर दोन तासांनी मांजराच्या पिल्लांचं दूध, थेंब थेंब. मग ओल्या कापसाने पोट पुसायचं, कारण ते त्याशिवाय शू करत नाही. हे मी पुस्तकातून वाचून सांगितलं आणि चमत्कार म्हणजे वहिनींनी ऐकलं. बाळगुटी मात्र त्यांनी उगाळायला काढलीच होती. मी सहाण उचलून केतकीच्या खोलीत लपवली. पोळ्या बर्वेसाहेब लाटत होते. केतकी शाळेतून आली की दप्तरासकट खोक्याशी बसायची आणि आईला जपानीत विचारायची, वजन किती? आणि आई स्वयंपाकाच्या काट्यावर पिल्लू ठेवून तिला मराठीत उत्तर द्यायची. त्या दोघींना मी इतका वेळ एकमेकींशी बोलताना आधी पाहिलं नव्हतं.

वजन वाढत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आम्ही ते पिल्लू घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण, नम्र, चष्मेवाला माणूस. त्याने पिल्लू तळहातावर घेतलं, तीट बघून चकित झाला. मग म्हणाला, "चोत्तो मुझुकाशी."

"काय म्हणतोय?"

"थोडं कठीण आहे म्हणतोय."

"थोडं ना? मग जमेल." वहिनींनी बाह्या सरसावल्या.

आणि का कोण जाणे, त्या दिवशी माझी जीभ सुटली. "नाही वहिनी. थोडं कठीण म्हणजे अशक्य. हे लोक 'नाही' असं बोलत नाहीत. 'चोत्तो' म्हणून थांबले की ते 'नाही' असतं."

वहिनी माझ्याकडे वळल्या.

"मग त्या दिवशी इशिदाबाई दारात..."

"हो."

"नको म्हणाली होती?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं?"

मी मान हलवली.

"सांगितलं का नाहीस गं, सटवे?"

"तुम्हाला कधी कुणी काही सांगितलंय का, वहिनी?" मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. "सांगून तुम्हाला ऐकू तरी येतं का?"

डॉक्टर आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. मग वहिनी एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्याला विचार, अशक्य म्हणजे अगदीच का?"

डॉक्टर म्हणाला, दुसरी एखादी नुकतीच व्यालेली मादी असेल आणि तिने जवळ घेतलं तर. त्याहून दुसरा मार्ग त्याला दिसत नव्हता.

इशिदा-सानच्या भाच्याकडे अशी मादी होती. फोनवर तोही आधी 'चोत्तो' म्हणाला. मी ते वहिनींना नीट सांगितलं: नको म्हणतोय. वहिनींनी मान डोलावली. "बरोबर आहे त्याचं. म्हणावं, आम्ही आत येणार नाही. पिल्लू दारात देऊ. आम्ही बघणारसुद्धा नाही." मंदावहिनी बर्वे एखादी गोष्ट बघणार नाहीत! मी फोनवर हात ठेवून पुन्हा विचारलं. "सांग की!" त्या खेकसल्या. शेवटी भाचा या म्हणाला.

त्सुकुबाची वेगवान गाडी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. डबा चकचकीत, माणसं गप्प. एरवी वहिनी गाडीत चढल्या की लोक जागा बदलायचे, कारण त्या पलीकडच्या दारातल्या मैत्रिणीशी इकडच्या दारातून बोलायच्या. त्या दिवशी त्या साडी नेसून आल्या होत्या, कारण ब्लाऊजच्या आत मोजा आणि मोज्यात पिल्लू होतं. पँट-शर्टमध्ये ती सोय नव्हती. हात छातीवर घट्ट धरलेले. समोरच्या म्हाताऱ्याला वाटलं यांना हृदयाचा त्रास आहे. त्याने जागा दिली. वहिनी बसल्या, आणि त्सुकुबा येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. मधे एकदा मला वाटलं त्या काही पुटपुटताहेत. कान दिला तर पिल्लाला सांगत होत्या, "आलं हं, आलं. थोडं राहिलं."

भाच्याने दारात मोजा घेतला. ओल्या कापसाने आधी तीट पुसून काढली, मग पिल्लाला आपल्या मादीच्या अंथरुणात घोळवलं, म्हणजे वास बदलेल. एवढं त्याने आम्हाला दाखवलं आणि दार लावलं. आम्ही बाहेर सायकली लावायच्या जागेत कठड्यावर बसलो. एक तास, दोन तास. तिथून खिडकी दिसत होती. मी दोनदा उठून डोकावले. वहिनी खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या, आणि मी उठले की माझा कुर्ता ओढून मला खाली बसवत होत्या.

ऊन कलल्यावर भाचा बाहेर आला. "पितंय," म्हणाला.

मी भाषांतर करायच्या आधीच वहिनींना कळलं. त्या उठल्या, त्याच्यासमोर कमरेत वाकल्या, आणि इशिदा-सान वाकल्या होत्या तितका वेळ वर आल्या नाहीत. मग नाक पुसलं आणि मला म्हणाल्या, "बघतेस काय? गाडी चुकेल."

पिल्लू जगलं. दोन महिन्यांनी इशिदा-सानकडे आलं. त्या काळ्या ठिपक्याला तुम्ही काय म्हणता, असं त्यांनी मला विचारलं होतं. पिल्लाचं नाव त्यांनी तीतो ठेवलं.

वहिनी सुधारल्या वगैरे असा कुणाचा समज व्हायला नको. आमच्या ताटात भाताचे डोंगर पडतच राहिले. तीतोची गोष्ट त्या प्रत्येक नव्या बाईला सांगायच्या आणि ती "मी जगवलं" इथून सुरू व्हायची. आधीची पाच पिल्लं त्यात कधी आली नाहीत. इशिदा-सानची माफी मागितली का, तर माझ्या समोर तरी नाही. पण सोमवारी सकाळी त्यांचा कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत दिसू लागला. आणि इशिदा-सान "या, या" म्हणून दार उघडून उभ्या राहिल्या तरी त्या आत गेल्या नाहीत. लाडवांचा डबा उंबऱ्यावर ठेवायच्या आणि परत फिरायच्या. नंतर करार संपला आणि बर्वे मंडळी पुण्याला गेली. केतकी मात्र शिकायला परत आली आणि इथलीच झाली.

मीही इथेच राहिले. नोकरी लागली, केस पिकले, आणि नव्या पोरी मला रेवावहिनी म्हणू लागल्या. मागच्या वर्षी कळलं, त्सुकुबाला केतकीला मुलगी झाली आणि तिच्या बाळंतपणाला मंदावहिनी पुण्याहून आल्या आहेत. मी लगेच तीन पोरी गोळा केल्या. झबलं, टोपडं, डिंकाचे लाडू घेतले आणि बाळ बघायला निघाले. फोन करायचं मला सुचलं नाही.

दार वीतभर उघडलं. वहिनी वाळल्या होत्या, केस सगळे पांढरे. मला पाहून चेहरा फुलला. मग त्यांनी माझ्या मागच्या तिघींकडे पाहिलं, हातातल्या पिशव्यांकडे पाहिलं. आत कुठेतरी बाळ किरकिरलं. वहिनींनी दातांतून हळूच श्वास आत ओढला आणि मान थोडी तिरकी केली.

"आज जरा..." त्या म्हणाल्या.

आणि थांबल्या.

"जरा काय, आजी?" माझ्या मागची पोरगी बुटाची नाडी सोडत म्हणाली. "आम्ही जरा वेळच बसणार. हात धुऊन घेतो ना!"

मी तिचा दंड धरला. "बूट घाल. नको म्हणाल्या त्या."

"कुठे म्हणाल्या?"

"म्हणाल्या. चल."

मी लाडवांचा डबा उंबऱ्यावर ठेवला. वहिनींनी तो उचलला आणि माझ्याकडे पाहिलं.

"या वेळी बरोबर सांगितलंस गं, रेवा," त्या म्हणाल्या, आणि आवाज न करता दार लावून घेतलं.